मोत्या आणि डिंकाचा लाडू

आमच्या मेहकरकडे कुणीही पाहुणा म्हणून रिकाम्या हाताने जात नाही. २०२३ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला निघालो, तेव्हा बॅगांत कपडे कमी आणि खाऊच जास्त होता. सून बाळंत झालेली. म्हणून डिंकाचे लाडू, ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी आणि शेगावहून मुद्दाम आणलेल्या कचोऱ्या. त्या घरात आणखी एक तोंड आहे हे मला ठाऊक होतं. त्याच्यासाठी काही न्यावं, असं मनात आलं नाही.

मुलाने कुत्रा पाळल्याचं कळलं तेव्हा मी फोनवर फार बोललो होतो. कुत्र्याची लाळ लागली की कपडे पाक राहत नाहीत, मग नमाज कशी पढायची? तो ऐकत राहिला. पुढे चार महिने त्याचे फोन आईच्याच मोबाइलवर येत.

तांबूस, लांब कानांचा तो कुत्रा दारातच आडवा आला. नाव मोत्या. हे मला तिथे गेल्यावर कळलं. आमच्या अम्माच्या वेळी अंगणात असलेल्या कुत्र्याचं हे नाव. तो घरात कधी आला नाही, पण तव्यावरची शेवटची भाकरी अम्मा रोज त्याच्यासाठी ठेवायची. या गोष्टी मुलाला लहानपणी मीच सांगितलेल्या! शेजारचे गोरे लोक त्याला ‘मोटिया’ म्हणतात.

आमच्या सामानाची विमानतळावर झाली नसेल इतकी कडक तपासणी मोत्याने केली. कचोरी हुंगून तीनदा शिंकला. चटणीच्या डब्यापासून लांब जाऊन बसला. लाडवांच्या डब्यापाशी मात्र शेपूट आपटत राहिला.

पंधरा दिवस मी पाय जवळ घेऊनच बसत होतो. एका दुपारी बाहेर बर्फ पडत होता, घरात सगळे झोपलेले. मोत्याने माझ्या पावलावर हनुवटी टेकवली. मी पाय ओढला नाही. उठून एक लाडू आणला आणि हातानेच त्याला भरवला. दोन घासांत संपवून त्याने माझी बोटंही चाटली.

संध्याकाळी हे कौतुकाने सांगितलं, तर मुलाचा चेहराच उतरला. “अब्बा, लाडवात मनुके होते?”

मनुके म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला, आजाऱ्याला द्यायचा जिन्नस. कुत्र्याला मात्र द्राक्षं आणि मनुके विषासारखे. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादा कुत्रा पचवून टाकतो, एखादा थोडक्यात जातो. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल आपल्या चिंचेतही असतं. कांदा-लसणाने तर कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं निम्मं सामान मोत्याला वर्ज्य!

दवाखान्यात इंजेक्शन देऊन त्याला उलटी करवली. मग दोन दिवस सलाइन, रक्ताच्या तपासण्या. मुलगा मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आलो. तहानलेल्या कुत्र्याला पायताणात पाणी भरून पाजणाऱ्याचे गुन्हे अल्लाहने माफ केले, ही हदीसही सांगत आलो. दोन्हींना टाळ्या हमखास मिळतात. त्या दवाखान्याच्या बाकावर दोन्ही आठवल्या आणि टाळ्यांची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी मोत्या घरी आला. रक्त ठीक निघालं होतं. मुलाने त्याच्या कोरड्या खाद्याची पिशवी माझ्यापुढे धरली. “हे वाचा.” घटकांमध्ये लिहिलं होतं ‘सॉरगम’. अहो, म्हणजे आपली ज्वारी! जगात सर्वांत जास्त ज्वारी पिकवणारा देश अमेरिका आहे आणि तिथे ती माणसांच्या ताटापेक्षा जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलच्या कारखान्यांतच जास्त जाते. इकडे आमच्या बुलढाण्यात सोयाबीन आलं आणि ज्वारीचा पेरा आटत गेला. आम्ही सातासमुद्रापार पीठ वाहून नेलं होतं आणि हा गडी तिथे रोज ज्वारीच खात होता.

त्या रात्री हिने शेवटची भाकरी बिनमिठाची थापली. मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, “तुम्हीच द्या.”

मोत्याने तुकडा हुंगला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगला. मग तोंडात धरून बाळाच्या पाळण्याखाली नेला आणि दोन पंजांत धरून सावकाश खाल्ला. मी हात धुतले, वजू केला आणि नमाजला उभा राहिलो.