समोरच्या खुर्चीतला माणूस



पत्रिकेत विषय छापला आहे 'मानसशास्त्राचा पदवी प्रकल्प : नियोजन आणि मार्गदर्शन'. या विषयाला एवढी गर्दी होईल असं व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनाही वाटलं नव्हतं. मागच्या वर्गातून खुर्च्या आणाव्या लागल्या. सभागृहात निम्मे पालक आहेत, हे मघाशी चहाच्या वेळी कळलं. प्रोजेक्टच्या नावाखाली आपली मुलं रात्री बारापर्यंत मोबाइलवर नेमकं काय करतात, हे त्यांना माझ्याकडून काढून घ्यायचं आहे. (हशा)

नव्या शैक्षणिक धोरणाबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलेलं आहे. चार वर्षांची पदवी, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग, त्या प्रकल्पाला १२ श्रेयांक. त्यात शिरत नाही. गेली काही वर्षं मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट सांगत आलो आहे, तीच आज सांगणार आहे. ज्या माणसासमोर बसता येणार नाही, त्याला पदवीच्या विद्यार्थ्यानं प्रश्न विचारू नये.

आज काय चालतं? डिसेंबरात विद्यार्थी शीर्षक घेऊनच येतो : 'तरुणांमधील सोशल मीडियाचा वापर, आत्मसन्मान आणि नैराश्य यांचा सहसंबंध'. तयार प्रश्नावल्या तीन, त्यांचा गूगल फॉर्म एक. लिंक घरच्या ग्रुपवर पडते, तिथून मावशीच्या सोसायटीत जाते आणि चार दिवसांत दोनशे उत्तरं जमतात. वयोगट अठरा ते पंचवीस असा ठरलेला. एका विद्यार्थ्याच्या काकांनी पुतण्याला मदत व्हावी म्हणून आपलं वय चोवीस टाकलं होतं. (मोठा हशा) तुम्ही हसता आहात, पण काकांचं उत्तर सरासरीत गेलं. आणि भाषांतर? मन उदास असतं का, हे विचारायचं होतं. यंत्रानं मराठी केलं, 'तुम्हाला खाली वाटते का?' लोकांनी त्यावरही खुणा केल्या. कशाला 'हो' म्हटलं, देव जाणे.

हे निस्तरता येतं. पण एक गोष्ट निस्तरता येत नाही, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ नावाची एक प्रश्नावली आहे. २००१ साली प्रसिद्ध झाली, जगभर वापरतात. प्रश्न नऊ, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, एवढंच विचारायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. मी शिकवत होतो त्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं ही प्रश्नावली फॉर्ममध्ये घातली. मी मार्गदर्शक होतो आणि त्या आराखड्यावर माझी सही होती.

एका रात्री साडेनऊला ती घरी आली, बरोबर तिचे वडील. जिन्यातच म्हणाली, "सर, नवव्या प्रश्नाला कुणीतरी 'जवळजवळ रोज' म्हटलंय." आम्ही लॅपटॉप उघडला. वय एकोणीस, लिंग स्त्री, शिक्षण पदवी सुरू. उत्तर आलं होतं आदल्या दिवशी पहाटे दोन वाजून काही मिनिटांनी. नाव नव्हतं, ईमेल नव्हता, कारण गोपनीयता राखायची म्हणून आम्ही ते मागितलंच नव्हतं. पुस्तकाप्रमाणे सारं बरोबर होतं. लिंक ज्या तीन ग्रुपवर गेली होती, त्या तिन्हींवर आम्ही हेल्पलाइनचा नंबर आणि माझा नंबर टाकला, 'केव्हाही फोन करा' असं लिहिलं. वडील दाराशी उभे होते, आत येऊन बसायलाही तयार नव्हते. मुलगी एकच विचारत होती, "सर, आपण तिला विचारलं, आता पुढे काय?"

फोन आला नाही. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं काय झालं, मला आजही माहीत नाही.

(काही क्षण शांतता)

तेव्हापासून माझा नियम आहे. आत्महत्या, अत्याचार, व्यसन हे विषय पदवीच्या प्रकल्पात नकोत. मुलं लहान आहेत म्हणून नव्हे. उत्तर आल्यावर जे करावं लागतं, ते त्यांच्या हातात नसतं म्हणून.

पहिल्या रांगेतले माझे सहकारी मान हलवताहेत. त्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे : एकेका शिक्षकाकडे पंधरा-पंधरा विद्यार्थी, सगळ्यांना समोरासमोर बसवायला वेळ कुठून आणायचा? मी संगणकाच्या विरोधात नाही. वेळेचा हिशेबच मांडून दाखवतो, एका जुन्या प्रयोगाच्या आधारे.

१९३५ साली अमेरिकेत नॅशव्हिलच्या जॉन रिडली स्ट्रूप या विद्यार्थ्यानं आपल्या डॉक्टरेटसाठी एक साधा प्रयोग केला. रंगांची नावं भलत्याच रंगाच्या शाईत छापली आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावला. नुसत्या रंगीत चौकोनांचे शंभर रंग सांगायला सरासरी सुमारे ६३ सेकंद लागले, भलत्या शब्दांचे सांगायला ११०. वाचायचं नाही म्हटलं तरी डोळा वाचतोच.

कोकणातून आलेली, सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली माझी एक विद्यार्थिनी. तिनं विचारलं, "सर, मराठी शब्द जास्त अडवतील की इंग्रजी?" तिनं शीर्षक आणलं नव्हतं, प्रश्न आणला होता. तोच आम्ही धरला. एकाच माणसाला दोन्ही कागद द्यायचे, रंग मराठीतच सांगायचा; निम्म्यांना मराठी कागद आधी, निम्म्यांना इंग्रजी, म्हणजे सरावाचा फायदा एकाच भाषेला मिळत नाही. मध्यम आकाराचा फरक असेल, तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता राहावी यासाठी अशा मांडणीत ३४ माणसं पुरतात. दोन वेगळे गट घेतले असते तर १२८ लागली असती. चौतीस माणसं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे साडेआठ तास. विद्यार्थ्याचे चार शनिवार! मार्गदर्शकानं त्यातली पहिली दोन-तीन माणसं होताना शेजारी बसावं, एवढंच माझं मागणं आहे.

आधी चार मैत्रिणींवर रंगीत तालीम केली. चौघीही नारिंगीला 'ऑरेंज' म्हणाल्या. मराठीतच सांगा म्हटलं, तरी तोंडातून तेच येई. नारिंगी काढला, काळा घातला. मग खरी माणसं. लाल शाईतला 'निळा' दिसला की 'नि' एवढं ओठावर येऊन थांबायचं, बोट टेबलावर आपटायचं. एक मुलगा फारच भराभर सांगत होता. हिनं नीट पाहिलं, तर तो डोळे बारीक करून अक्षरं पुसट करत होता! तिनं वहीत टिपलं आणि पुढच्या प्रत्येकाला सूचना दिली. फॉर्मवर हा मुलगा 'वेगवान' म्हणून नोंदला गेला असता. समोरची खुर्ची मला हवी ती यासाठी.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. अहवालाबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. दोन गोष्टी मात्र सांगतोच. पहिली, माहिती गोळा करण्याआधी निकालाचा कोरा तक्ता काढा, कोणत्या रकान्याची कशाशी तुलना करणार ते लिहा, तारीख घाला, मार्गदर्शकाची सही घ्या. २०१५ साली मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत फरक लक्षणीय निघाला होता, दुसऱ्या खेपेला ३६ टक्क्यांत. आकडे हातात आल्यावर तुलना शोधत बसलं की असं होतं. तुमचा फरक नाही निघाला, तर 'निघाला नाही' असं लिहा. मी त्याला पूर्ण गुण देतो. (टाळ्या) दुसरी, संमतिपत्र घरातल्या मराठीत लिहा, 'केव्हाही उठून जाऊ शकता' हे वाक्य सर्वांत वर ठेवा आणि खाली टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा, रंगांचा प्रयोग असला तरी.

आणि आता जे शिक्षक नाहीत, पालकही नाहीत, त्यांना एक विनंती. कॉलेजं सुरू झाली की एखादी मुलगी स्टॉपवॉच आणि रंगीत शब्दांचा कागद घेऊन तुमच्या दारात उभी राहील. तिला पंधरा मिनिटं द्या. टीव्ही बंद करा, समोर खुर्ची द्या. आणि शब्द चुकला तर सावरून घेऊ नका. ती चूकच तिला हवी आहे.