नौकेचा वाटा

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तिचा आम्ही आदरपूर्वक स्वीकार केला आहे. विद्याप्रसार, ऐक्य आणि विवाहातील अनाठायी खर्च या विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ उद्बोधक विचार मांडले गेले आहेत. त्यांत भर घालण्याचा आमचा मानस नाही. आम्ही आज एक रोकडा विषय घेतला आहे. तो म्हणजे स्वतःची बोट बाळगण्याचा व्यवहार आणि त्यास लागणारा खर्च.

आपल्या खारवी समाजात ज्याच्या दारची बोट समुद्रात जाते त्यास मान आहे. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून राबणाऱ्या तरुणाने आपण एक दिवस नाखवा व्हावे अशी आकांक्षा धरली, तर ती सर्वथैव योग्यच होय. परंतु असा तरुण सल्ल्यास आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "बोट केवढ्याला पडेल?" आमचे म्हणणे असे की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की, "बोट वर्षाला खाते किती?" गाय विकत घेणारा मनुष्य वैरणीचा विचार आधी करतो. बोट ही तर समुद्रात बांधलेली गाय आहे, आणि दूध देवो वा न देवो, तिची वैरण चुकत नाही.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट पक्की ठाऊक होती. जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग या बंदरांतून शिडाची गलबते, मचवे आणि पडाव मुंबईपर्यंत ये-जा करीत. वाऱ्याला पैसा पडत नसे, हे खरे. पण शीड, दोरखंड आणि लाकूड यांना पडत असे. पावसाळा तोंडावर आला की नौका किनाऱ्यावर ओढून घ्यावयाची, झावळ्यांनी शाकारावयाची आणि समुद्र निवळेपर्यंत तिची डागडुजी करावयाची, हा नेम होता. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत खडक खोदून केलेली मराठा आरमाराची गोदी आजही पाहावयास मिळते. जहाजे बांधणाऱ्यांनी त्यांच्या दुरुस्तीची जागाही खडकात कोरून ठेवली, यातील शहाणपण आपण ओळखावे.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. आमचे आयुष्य मुलांस गणित शिकविण्यात गेले, तेव्हा फळ्यावरचे उदाहरण दिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. पुढील आकडे बाजारभाव म्हणून घेऊ नयेत. ते केवळ हिशेबाच्या सोयीचे आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे घालून हेच उदाहरण घरी सोडवावे.

समजा, सर्व सरंजामासह बोट ३० लाख रुपयांना पडली. त्यांत सांगाडा २० लाख, इंजिन ६ लाख आणि जाळी ४ लाख. पदरचे १० लाख घातले आणि २० लाख दरसाल दहा टक्के व्याजाने काढले. पहिल्या वर्षाचे व्याज झाले २ लाख. सांगाडा २० वर्षे टिकला तर वर्षाचा घसारा १ लाख. इंजिन ८ वर्षे चालले तर ७५ हजार. जाळी ४ वर्षे पुरली तर १ लाख. घसारा एकूण २ लाख ७५ हजार. आता निगा. युरोप-अमेरिकेत लोक केवळ हौसेखातर पर्यटनाच्या नौका बाळगतात. त्यांच्यात असा ठोकताळा आहे की नौकेच्या किमतीचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी तिच्या निगेस लागतो. तोच धरला तर ३ लाख. सर्व मिळून बेरीज येते ७ लाख ७५ हजार. डिझेलचा एक थेंबही अद्याप टाकीत पडलेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

ही रक्कम किती दिवसांत कमवावयाची? वर्षाचे दिवस ३६५. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते. ते दिवस ६१. राहिले ३०४. त्यांतून वादळाचे इशारे, गणपती, शिमगा, यंत्राचा बिघाड आणि खलाशांवाचून खोळंबा असे १०४ दिवस वजा घातले तर उरले २००. भागाकार केला म्हणजे रोजचे ३,८७५ रुपये. बोट समुद्रात गेल्याच्या प्रत्येक दिवशी डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांचे वाटे भागून वर इतके उरले, तर मालक जेथल्या तेथे राहिला. नफा त्यानंतर.

पर्ससीनच्या बोटीचे गणित याहून कठीण आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याच्या हद्दीतील पर्ससीन मासेमारीस १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर अशी मुदत घालून दिली. हे दिवस १२२. राज्याची हद्द म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, सुमारे २२ किलोमीटर. नियम योग्य की अयोग्य हा वाद आज येथे नको. मासळीचे बी राखले पाहिजे, हे उभय पक्षांस मान्य असावे. आमचा मुद्दा हिशेबाचा आहे. १२२ पैकी ९० दिवस बोट गेली असे मानले, तर तोच खर्च दिवसाला ८,६०० रुपयांच्या वर जातो. कर्जाचा हप्ता मात्र मुदत पाहत नाही. तो वैशाखातही येतो आणि श्रावणातही.

खर्च कोठे होतो तेही सांगितले पाहिजे. लाकडी बोटीचा वैरी म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्रकिडा. वरून फळी धडधाकट दिसते आणि आतून चाळण झालेली असते. पूर्वी काजूच्या टरफलांचे तेल चोपडून तिचा बचाव करीत. फायबरच्या बोटीस हा किडा लागत नाही, म्हणून तिला निगाच नको असा एक समज पसरला आहे. तो खोटा आहे. कालवे-शेवाळ तिच्या बुडासही धरते. बूड खरखरीत झाले की पाण्याचा अडथळा वाढतो आणि तेवढेच अंतर तोडण्यास अधिक डिझेल जळते. रंगाचे पैसे वाचविणारा मनुष्य ते डिझेलच्या पंपावर नेऊन देतो.

पंखा आणि त्याचा दांडा यांचीही अशीच गोष्ट. खाऱ्या पाण्यात दोन निरनिराळे धातू जवळ आले की त्यांतील एक झिजू लागतो. म्हणून बुडाशी जस्ताची पट्टी लावतात. ती स्वतः झिजते आणि मोलाचा भाग वाचविते. ही पट्टी स्वस्त असते, पण वेळेवर बदलली नाही तर पंख्याचे बिल येते. इंजिनाचे तेल, गाळण्या आणि थंड पाण्याचा पंप यांचेही तेच. थोडा खर्च वेळेवर, नाहीतर मोठा खर्च अवेळी, याखेरीज बोटीपाशी तिसरा मार्ग नाही.

सुरक्षिततेचा खर्च तर कधीच टाळू नये. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळाने कोकणच्या मच्छिमारांवर काय प्रसंग आणला, ते येथील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार हे मोठे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच पडून राहिले. एवढ्या मोठ्या जहाजाची ही गत, तर आपल्या बोटीची काय कथा? प्राणरक्षक जाकिटे, बिनतारी संच, बोटीचा आणि खलाशांचा विमा हे खर्च ओझे नव्हेत. परवाना, नोंदणी आणि खलाशांची ओळखपत्रे यांविषयीही तेच. १९८१ च्या सागरी मासेमारी अधिनियमाखाली परवाना चालू ठेवणे मालकाचे काम आहे. कागद अपुरे असले की आपत्तीच्या वेळी भरपाई मागण्यास तोंड राहत नाही.

सरकारी साहाय्य आहे, ते अवश्य घ्यावे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यांस ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींस ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवली गेली. डिझेलवरील करही परत मिळतो. परंतु डिझेल आज पुऱ्या दराने घ्यावे लागते आणि परतावा मागाहून येतो. जो पैसा हाती यावयाचा आहे तो आलाच असे धरून हप्ता ठरवू नये. तसेच अनुदानाने बोट स्वस्त पडली तरी तिचे खाणे स्वस्त होत नाही.

आता आमच्या भाषणाचा गाभा. आपल्याकडे विक्रीतून सफरीचा खर्च वजा करून उरलेल्या पैशाचे वाटे पडतात. तांडेलाचा वाटा, खलाशांचे वाटे आणि बोटीचा व जाळ्यांचा वाटा. कोठे प्रमाण निराळे, कोठे पगाराची रीत, तरी तत्त्व हेच. यातील बोटीचा वाटा मालकाच्या खिशात पडतो आणि तेथेच सारा घोटाळा होतो. मालक त्यास आपली मिळकत समजतो. चार महिने मासळी बरी लागली की घरास नवे छप्पर, मुलीच्या लग्नात मांडव मोठा, दारात नवी गाडी. पण बंधूंनो, तो वाटा बोटीचा आहे. ज्यांनी तो ठरविला त्यांनी नाव विचारपूर्वक दिले. तांडेलाचा वाटा आपण खात नाही. मग बोटीचा का खावा?

वरील उदाहरण पुन्हा पाहा. कर्ज आठ वर्षांत फेडावयाचे तर दरसाल अडीच लाख मुद्दल द्यावे लागते. घसाऱ्याचे पावणेतीन लाख बहुतेक तेथेच संपतात. आठव्या वर्षी कर्ज फिटले, घरी सत्यनारायण झाला, आणि त्याच वर्षी इंजिनाने मान टाकली. हाती काही नाही, पुन्हा कर्ज. हे दुसरे कर्ज बहुधा घर किंवा बायकोचे दागिने गहाण टाकून उभे राहते. किनाऱ्यावर उपड्या पडलेल्या कित्येक बोटी मासळी नव्हती म्हणून तेथे गेल्या नाहीत. दुसऱ्या इंजिनाची तजवीज नव्हती म्हणून गेल्या. मालकाचा मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी झाला, हा त्या गोष्टीचा शेवट आम्ही अनेक घरांत पाहिला आहे.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. पहिली, बोटीच्या नावाने बँकेत निराळे खाते असावे आणि तिचा वाटा प्रत्येक विक्रीनंतर त्यात पडावा. ते पैसे घरखर्चास काढू नयेत. दुसरी, बोटीची वही घरातील स्त्रीने लिहावी. मासळीचा बाजार आपल्या भगिनींनीच सांभाळला आहे. दर, उधारी आणि तोटा त्यांस पुरुषांहून अधिक कळतो. तिसरी, एकट्याने मोठी बोट करण्यापेक्षा तिघा-चौघांनी भागी करावी; पण ती भागी कागदावर असावी, भाऊ-भाऊ असले तरी. चौथी, आपल्या संस्थेने बंदीच्या दोन महिन्यांत तरुणांसाठी बोटीच्या हिशेबाचा वर्ग चालवावा. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तेथील जाणकारांस इंजिन, बर्फ आणि जाळी या विषयांवर बोलण्यास पाचारण करावे. हिशेब शिकविण्याचे काम आम्ही विनावेतन पत्करण्यास सिद्ध आहोत.

कोणी म्हणेल, मास्तरांनी तरुणांस भिवविले. तसा आमचा हेतू नाही. दर्या हा आपला पोशिंदा आहे आणि खारव्याच्या मुलाने बोट करू नये असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करताना जो भाव आपण मनी धरतो, तोच बोटीचा वाटा बाजूस ठेवताना धरावा. समुद्राचे समुद्रास, बोटीचे बोटीस, आणि उरेल ते आपले.