लोखंडाचें उसनें चुंबकत्व

अंबरनाथ व बदलापूर हीं दोन स्थानकें एकमेकांपासून सुमारें आठ किलोमीटर अंतरावर आहेत आणि त्यांच्या दरम्यान चिखलोली हें गांव लागतें. कल्याणहून घाटाच्या पायथ्याकडे जाणारा हा लोहमार्ग १८५६ सालीं सुरू झाला. आतां गांवाभोवतीं कारखाने उभे राहिले आहेत, आणि चिखलोलीस नवें स्थानक करण्याचेंहि रेल्वेनें ठरविलेलें आहे. आषाढांतल्या रात्रीं अशा मार्गावरून शेंकडों माणसें घेऊन गाडी जात असतां चालकास समोरचे रूळ दहा-वीस हातांपलीकडे नीटसे दिसत नाहींत. त्याला दिसतो तो सिग्नलचा दिवा. दिवा हिरवा दिसला कीं तो निःशंकपणें पुढें जातो. त्याचा हा विश्वास ज्या अनेक वस्तूंवर उभा असतो त्यांत लोखंडाचा एक लहानसा तुकडाहि आहे. त्या तुकड्यानें क्षणांत चुंबक व्हावें, आणि तितक्याच त्वरेनें चुंबकपण टाकावें, एवढीच त्याजकडून अपेक्षा असते.

हा प्रकार समजण्यास एक लोहचुंबक व दोन-तीन खिळे पुरेत. चुंबकाच्या टोंकास एक खिळा लावला कीं तो चिकटतो. त्या खिळ्याच्या खालच्या टोंकास दुसरा खिळा लावल्यास तोहि लोंबूं लागतो. आतां वरचा खिळा बोटांत घट्ट धरून चुंबक हळूच दूर केला, तर खालचा खिळा गळून पडतो. पहिल्या खिळ्यास चुंबकत्व आलें होतें तें उसनें होतें. चुंबकाचा उत्तर ध्रुव जवळ आला कीं खिळ्याच्या जवळच्या टोंकीं दक्षिण ध्रुव उत्पन्न होतो आणि दूरच्या टोंकीं उत्तर. दक्षिण ध्रुव पुढें केल्यास सगळें उलट होतें. जवळ येणारें टोंक नेहमीं विरुद्ध जातीचें होत असल्यामुळें साधें लोखंड चुंबकाकडे ओढलेंच जातें, कधीं लोटलें जात नाहीं. शाळांतील मुलांची अशी समजूत असते कीं चुंबकांतील शक्ति पाण्यासारखी खिळ्यांत वाहून जाते व चुंबक तितका रिता होतो. ती चुकीची आहे. एका चुंबकानें हजार खिळे उचलले तरी त्यामुळें तो झिजत नाहीं.

मग खिळ्यांत घडतें तरी काय? लोखंडाच्या आंत असंख्य सूक्ष्म प्रदेश असतात व त्यांतील प्रत्येक प्रदेश स्वतः पुरा चुंबक असतो. ही कल्पना प्येर वाइस या शास्त्रज्ञानें १९०७ सालीं मांडली. साध्या लोखंडांत या प्रदेशांचीं तोंडें वेगवेगळ्या दिशांस असल्यानें एकाचा जोर दुसरा मारतो आणि बाहेर कांहींच दिसत नाहीं. चुंबक जवळ आला कीं त्याच्या दिशेस अनुकूल असलेले प्रदेश शेजाऱ्यांची जागा घेऊन वाढतात. शेताचा बांध सरकावा तशा त्यांच्या सीमा सरकतात. हें सरकणें मात्र सलग नसतें, लहान लहान धक्क्यांनीं होतें. जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेन यानें १९१९ सालीं तारेच्या वेटोळ्यांत लोखंड ठेवून, वेटोळ्यांतील क्षीण विद्युत्स्पंद वाढवून, या धक्क्यांचा आवाज कानांनीं ऐकविला. आकाशवाणीच्या श्रोत्यांस सांगण्याजोगी गोष्ट ही कीं, लोखंड चुंबक होतांना खरोखरच खरखरतें.

मऊ लोखंडांत या सीमा सहज पुढें जातात व सहज मागें येतात. कठीण पोलादांत त्या अडखळतात. एकदां सरकल्या कीं परत येण्यास तयार नसतात. म्हणून शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेनें दहा-बारा वेळां घासली तर ती दिवसेंदिवस चुंबक राहते, आणि साधा खिळा उसनें घेतलेलें बहुतेक तत्काळ परत करतो. बहुतेक म्हणण्याचें कारण असें कीं अगदीं मऊ लोखंडहि थोडेंसें मागें ठेवतेंच. कारखान्यांतील कारागिरास हें शेष चुंबकत्व पुरतें ठाऊक असतें. चुंबकी बैठकीवर धरून घासलेला पोलादी भाग खालीं उतरविल्यावरहि त्याला लोखंडाचा कीस चिकटून राहतो, आणि तो काढण्यासाठीं त्या भागाचें चुंबकत्व मुद्दाम घालवावें लागतें.

लोखंडाखेरीज निकेल व कोबाल्ट या धातूंसहि नेहमींच्या उष्णतामानांत हा गुण आहे. तांबें, पितळ, ॲल्युमिनियम यांवर साध्या चुंबकाचा डोळ्यांस दिसेल असा परिणाम होत नाहीं. १९४७ सालचा रुपया निकेलचा होता, तो चुंबकास चिकटतो. आजचा पोलादी रुपयाहि चिकटतो. पांच रुपयांचें पिवळें नाणें चिकटत नाहीं. गंमत अशी कीं, स्वयंपाकघरांतील उत्तम स्टेनलेस भांड्यांत लोखंड आणि निकेल हे दोन्ही धातु असूनहि तीं बहुधा चुंबकास दाद देत नाहींत. तेथें अणूंची मांडणीच निराळी होते. लोखंडहि सुमारें ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलें तर चुंबकास ओळखेनासें होतें, आणि निवालें कीं पुन्हां ओळखतें.

लोखंडास उसनें देणारा नेहमीं हातांतला चुंबकच असतो असें नाहीं. पृथ्वी स्वतः एक चुंबक आहे, आणि पडून असलेला प्रत्येक रूळ, प्रत्येक पहार तिच्याकडून थोडें थोडें घेतच असते. कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें १८४१ पासून घेतलीं जात. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरल्यावर त्यांच्या प्रवाहांनीं तेथील सुया बिघडतील हें उघड झालें, आणि नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. तेथें १९०४ पासून मापें सुरू झालीं. दोन्ही ठिकाणचीं मापें जुळविण्यासाठीं १९०६ पर्यंत तीं बरोबरच घेण्यांत आलीं. ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली. अलिबागच्या मापनगृहांसाठीं चुंबकास दाद न देणारा दगड निवडण्यांत आला. भिंतींतला एखादा लोखंडी खिळा पृथ्वीकडून उसनें घेऊन नाजूक सुईस आपल्याकडे वळवील, ही धास्ती होती.

विजेच्या प्रवाहानें लोखंडास हवें तेव्हां चुंबक करतां येतें. विल्यम स्टर्जन या इंग्रज गृहस्थानें १८२५ सालीं सात औंस वजनाच्या लोखंडाच्या नालावर तार गुंडाळून तींतून प्रवाह सोडला, तेव्हां त्या नालानें नऊ पौंड उचलले. प्रवाह थांबतांच वजन खालीं आलें. दारावरची विजेची घंटा, भंगार उचलणारी यारी हीं त्याच नालाचीं नातवंडें होत.

रेल्वेचा रिले हा त्याच कुळांतला. अमेरिकेंत विल्यम रॉबिन्सन यानें १८७२ च्या सुमारास जी युक्ति काढली ती ट्रॅक सर्किट या नांवानें प्रसिद्ध आहे. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं गाडीचे आंस मोजणारीं यंत्रें बसवितात. तरी ट्रॅक सर्किटचा उपयोग अजूनहि मोठा आहे. रुळांचा एक तुकडा दोन्ही बाजूंस विद्युद्रोधक सांधे घालून वेगळा करतात. त्याच्या एका टोंकास विजेचा मंद पुरवठा व दुसऱ्या टोंकास रिले जोडलेला असतो. मार्ग मोकळा असेपर्यंत प्रवाह एका रुळावाटे जाऊन दुसऱ्या रुळावाटे परततो, रिलेच्या वेटोळ्यांतील मऊ लोखंड चुंबक बनतें आणि एक लोखंडी पट्टी वर उचलून धरतें. पट्टी वर असली तरच हिरवा दिवा लागूं शकतो. गाडीचें पहिलें चाक त्या तुकड्यांत शिरलें कीं आंसामुळें दोन्ही रूळ जोडले जातात, प्रवाह त्या जवळच्या वाटेनें परततो, वेटोळें निर्बल होतें, पट्टी स्वतःच्या वजनानें खालीं पडते व दिवा लाल होतो. तार तुटली, रूळ दुभंगला, बॅटरी संपली, तरी पट्टी पडते आणि गाडी थांबते. त्यांत खोळंबा होतो, प्रवासी चरफडतात, पण जीव वांचतो.

उलट प्रकार मात्र भयंकर. लोखंडानें उसनें घेतलेलें ठेवून घेतलें आणि प्रवाह गेल्यावरहि पट्टी वरच चिकटून राहिली, तर पुढें गाडी उभी असतांना मागच्या चालकास हिरवा दिवा दिसेल. म्हणून रिलेसाठीं लोखंड निवडतांना तें किती जोरानें धरतें एवढेंच पाहत नाहींत. तें किती लवकर सोडतें हें अधिक पाहतात. तें तापवून सावकाश निववितात, म्हणजे त्याचा हट्ट कमी होतो. इतकें करूनहि शेष चुंबकत्वावर भरंवसा ठेवीत नाहींत. पट्टी आणि चुंबक यांच्यामध्यें चुंबकास दाद न देणाऱ्या धातूची एक बारीक खुंटी बसवितात. त्यामुळें पट्टी वर ओढली गेली तरी लोखंडास लोखंड प्रत्यक्ष टेकत नाहीं. केसाएवढी फट राहते, आणि उरलेसुरलें चुंबकत्व त्या फटीपलीकडून पट्टीचें वजन पेलूं शकत नाहीं. वीज जोडणारे स्पर्शबिंदूहि एका बाजूस चांदीचे तर दुसऱ्या बाजूस कार्बनचे करतात, कारण ठिणगीनें ते एकमेकांस सांधले जात नाहींत.

शेवटचा डबा त्या तुकड्यांतून बाहेर पडला कीं रूळ पुन्हां वेगळे होतात, प्रवाह वेटोळ्यांत परत येतो, आणि पट्टी टक् असा आवाज करून वर चढते.