दीर्घ व्याधी आणि दूरचा दवाखाना



आजार म्हणजे पाहुणा, अशीच आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. ताप येतो, चार दिवस मुक्काम करतो आणि काढा किंवा इंजेक्शन घेऊन निघून जातो. परंतु काही आजार पाहुण्यासारखे येत नाहीत; घरजावयासारखे येतात आणि कायमचे ठाण मांडून बसतात. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, दमा, फेफरे ही अशी दुखणी होत. ती बहुधा बरी होत नाहीत. ती ताब्यात ठेवावी लागतात. ती ताब्यात ठेवण्याचे औषध ठाऊक आहे आणि ते फारसे महागही नाही. तरीही गरीब खेड्यातील रोग्याला ते अखंडपणे मिळत नाही. हे असे का व्हावे, याचा आज थोडा विचार करू.

काही वर्षांपूर्वी फिरतीवर असताना एका डोंगराळ तालुक्यात पंचावन्न वर्षांच्या एका मजूर बाईंची गाठ पडली. त्यांना रक्तदाब होता. पत्र्याच्या डबीत त्यांनी गोळ्यांची एक रिकामी पट्टी जपून ठेवली होती. वाचता येत नसल्यामुळे तीच त्यांची चिठ्ठी. गोळ्या संपून दोन महिने झाले होते. आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर, जाणारी एस. टी. सकाळी एकदाच. मागच्या खेपेला त्या गेल्या, तेव्हा डॉक्टर रजेवर होते आणि पुढच्या मंगळवारी यायला सांगण्यात आले. मी विचारले, "पुन्हा का नाही गेलात, बाई?" त्या म्हणाल्या, "बरं वाटत होतं, साहेब. मग मजुरी कशाला बुडवायची?" पुढल्या वर्षी मी त्या गावी गेलो, तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती.

या उत्तरात अडाणीपणा शोधणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. रक्तदाब दुखत नाही. न दुखणाऱ्या आजारासाठी दर महिन्याला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे घालवायचे, आणि तेही हाती काही पडेल याची खात्री नसताना, हा व्यवहार कोणत्याही शहाण्या माणसाला तोट्याचाच वाटेल. गोळी स्वस्त होती. महाग होती ती वाट.

आता थोडे मागे वळून पाहू. भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. १९५२ साली समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. हिवताप, देवी, पटकी आणि बाळंतपणातील मृत्यू हे त्या काळाचे वैरी होते, आणि त्यांच्याशी लढण्यासाठी जी व्यवस्था रचली गेली ती योग्यच होती. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक केंद्र, हे प्रमाण पुढे ठरले. लस एकदा टोचावी, ताप एकदा उतरवावा, यासाठी हे अंतर कसेबसे चालते. परंतु ज्याला जन्मभर दर महिन्याला यायचे आहे, त्याच्यासाठी तेच अंतर भिंत ठरते.

ही भिंत पाडता येते, हे आपल्याच देशाने एकदा सिद्ध केले आहे. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवल्यावाचून इलाज नाही, असे एके काळी सर्वत्र मानले जाई. १९५६ साली मद्रास येथे या समजुतीची परीक्षा सुरू झाली. गरीब वस्त्यांतील काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच गोळ्या दिल्या. आरोग्यधामात सकस अन्न होते, विश्रांती होती, शुश्रूषा होती. घरी यांपैकी फारसे काही नव्हते. तरीही १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्हीकडचा गुण जवळजवळ सारखाच ठरला, आणि घरच्या माणसांना अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही. जगाने याची दखल घेतली. मात्र त्या यशाचे मर्म केवळ घरी असण्यात नव्हते. गोळ्या वेळेवर मिळत होत्या आणि रोगी त्या घेतो की नाही, याकडे कोणाचे तरी लक्ष होते.

तेच सूत्र आता रक्तदाबाला लावले जात आहे. २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या उपक्रमाची मांडणी साधी आहे. औषधे मोजकी आणि त्यांचा क्रम ठरलेला. एका वेळी महिनाभराच्या गोळ्या. दाब मोजणे आणि गोळ्या देणे हे काम गावाजवळच्या उपकेंद्रातील परिचारिकेकडे. आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याचे नाव नोंदवहीतून शोधून त्याच्याकडे निरोप. यात चमत्कार काहीच नाही. आहे ती शिस्त.

गरज किती मोठी आहे, हे एका आकड्यावरून कळेल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि शंभर प्रौढांपैकी सुमारे पस्तीस जणांना रक्तदाब. एवढ्यांना मोठी रुग्णालये पुरी पडणार नाहीत. २०१८ पासून केंद्र सरकारची विमा योजना पात्र कुटुंबाला रुग्णालयातील उपचारासाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. हे मोठे काम आहे, यात शंका नाही. परंतु ते संरक्षण माणूस खाटेवर पडल्यावरचे आहे; दर महिन्याची गोळी त्यात येत नाही. पक्षाघातानंतर लाख रुपये खर्चणारी व्यवस्था पक्षाघातापूर्वीच्या गोळीत कसूर करील, तर तो हिशेब सरकारी दप्तरातही जमणार नाही.

आणखी एक अडचण आपल्या महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कित्येक महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राहतात. त्यांचे नाव गावच्या नोंदवहीत, आणि माणूस दोनशे मैलांवर! अशांना निघण्यापूर्वी अधिक दिवसांच्या गोळ्या द्याव्यात आणि कोणत्याही जिल्ह्याच्या केंद्रात ग्राह्य धरली जाईल अशी एक चिठ्ठी त्यांच्या हाती असावी, एवढे करणे अवघड नसावे.

मी प्रशासनातला माणूस आहे. किती इमारती बांधल्या, किती शिबिरे भरवली, किती जणांना तपासले, हे आकडे लिहिण्याची आम्हांला सवय आहे. दीर्घ व्याधीच्या बाबतीत एकच आकडा खरा आहे: गेल्या वर्षी ज्यांना गोळी सुरू केली, त्यांपैकी आज किती जण ती घेत आहेत आणि कितींचा दाब ताब्यात आहे? हा प्रश्न प्रत्येक आढावा बैठकीत विचारला गेला पाहिजे. तो त्या वर्षी मी विचारला असता, तर डबीतली ती पट्टी कदाचित रिकामी राहिली नसती.