वाटीतली फोलं

आधीच सांगून टाकतो, आपला हिरवा पोपट आजचा विषय नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे, मग भले तो आजोबांपासून घरात असो. बोरिवलीच्या उद्यानात काय खायचं ते त्याचं त्याला कळतं. मी बोलणार आहे मुलुंड-घाटकोपरच्या गॅलऱ्यांतल्या बजी आणि कॉकाटिएल या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबद्दल.

अशा घरी हमखास ऐकू येतं, ‘आमचा कांगणीशिवाय कशाला तोंड लावत नाही हो!’ आणि तेही कौतुकाने. कांगणी म्हणजे आपला राळा. बजी मूळचा ऑस्ट्रेलियातला, गवताचं बी खाणारा. १८४०मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने तो जिवंत इंग्लंडला नेला. पण रानात बी कोवळंही मिळतं, आणि त्यासाठी मैलोन्मैल उडावं लागतं. पिंजऱ्यात बी सुकं आणि उडणं दोन दांड्यांमधलं. सुक्या बियांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही, कॅल्शियम तुटपुंजं, सूर्यफुलात तर तेलच तेल. यकृतावर चरबी चढते आणि आपण म्हणतो, बाळसं धरलंय!

त्याची वाटी कधी नीट पाहिलीत? बजी दाणा चोचीत फिरवून सोलतो, गर गिळतो आणि फोल तिथेच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ दिसते. फुंकर मारा, फोलं उडतात आणि तळ दिसतो. ‘रिकामी झाली की भरा’ असं शेजाऱ्यांना सांगून गावाला जाऊ नका. पक्षी भरल्या वाटीपुढे उपाशी मरेल.

मग द्यायचं काय? पेलेट, म्हणजे तयार खाद्याचे दाणे, मिळतात, चांगले असतात, महागही पडतात. भाजीवालीकडे मात्र लाल भोपळा, गाजर, मेथी, शेवग्याचा पाला आहेच. बी एकदम तोडू नका. बजी म्हणजे तीस-चाळीस ग्रॅमचा जीव, त्याला उपास झेपत नाही. सकाळी भूक असते तेव्हा किसलेला भोपळा पुढे करा, कांगणी तासाभराने. मेथीची धुतलेली, ओली काडी जाळीला अडकवा. आधी बिचकेल, मग पाणी चाटेल, मग पान कुरतडेल. याला आठवडेही लागतात. तोवर स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर रोज वजन करा. घसरू लागलं, की पक्ष्यांच्या डॉक्टरांना गाठा.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगतात, ते योग्यच. पण ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, म्हणजे ऊन हवं, आणि स्लायडिंगच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही. सकाळी काच सरकवा, जाळी असू द्या, अर्धा पिंजरा सावलीत ठेवा.

हिरवी मिरची? खुशाल द्या. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, अ जीवनसत्त्व मात्र मिळतं. चहात बुडवलेलं बिस्किट, फरसाण, चॉकलेट नको. आणि हल्ली अंधेरीच्या दुकानांत दिसतो तो अ‍ॅव्होकाडो तर मुळीच नको, तो पक्ष्याचा जीव घेतो.

जूनपासून शेंगदाणेही बंद. आपल्याकडच्या दमट हवेत डब्यात बुरशी धरते, आणि तिचं विष धुऊन किंवा भाजून पुरतं जात नाही.