आकाशवाटेचे अंतर

मानपाडे दोन. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीकडे कल्याण-शीळ रस्त्यावर. मुलगा अमेरिकेत अन् आईवडील इथे, अशी घरे आता दोन्हीकडे आढळतात. अशा घरात वडील माणूस गेले, म्हणजे रडे आवरायच्या आत प्रश्न उभा राहतो : मुलगा कधी पोचेल? मयत किती वेळ ठेवायचे? शेजारचा कोणी जाणता सांगून मोकळा होतो, "विमानाला चौदा तास लागतात. रात्रीपर्यंत येईल." चौदा तास हे खरे, पण रात्रीपर्यंत येईल हे मात्र खरे नव्हे.

आधी अंतर पाहू. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक महासागर अशी दिसते; पण त्या वाटेने हेच अंतर 14,000 च्या वर जाते. शिक्षकबंधूंनी वर्गात पृथ्वीचा गोल घ्यावा आणि या दोन शहरांवर दोरा ताणून धरावा. दोरा उत्तरेकडे सरकतो अन् मॉस्कोच्या आसपासून, आइसलँडजवळून जातो. मुलांना आधी विचारावे आणि मग दोरा दाखवावा. मजा त्यातच आहे! विमाने अगदी दोऱ्याबरहुकूम जात नाहीत, ही गोष्ट वेगळी. वारा आडवा येतो, तशा माणसांनी आखलेल्या सीमाही आडव्या येतात. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला.

वाऱ्याचे म्हणाल, तर दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे प्रवाह वाहतात. म्हणून थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात, आणि येताना चौदाच्या आसपास. 8 जून 1948 रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. त्या मानाने आजचा प्रवास झटपट खराच.

आता घड्याळ मांडू. उन्हाळ्याचे दिवस धरा. सोमवारी सकाळी आठला मानपाड्यात माणूस गेले. न्यूयॉर्कला तेव्हा रविवारची रात्र, साडेदहा वाजलेले. इतक्या रात्री तिकीट मिळून लगेच विमान गाठता येणे कठीणच. समजा, तिथल्या सोमवारी दुपारी बाराचे थेट विमान मिळाले. आपल्याकडे त्या वेळी सोमवारचे रात्रीचे साडेनऊ. चौदा तासांनी, म्हणजे मंगळवारी सकाळी साडेअकराला, ते मुंबईत उतरणार. पुढे पारपत्राची तपासणी, सामान आणि रस्त्यावरची गर्दी. दारात पाऊल पडेपर्यंत दुपारचे दोन. आकाशात चौदा तास, पण घरच्यांना वाट पाहावी लागली तीस तास. वाटेत विमान बदलायचे असेल, तर याहून अधिक.

तेव्हा फोनवर "किती तासांचा प्रवास?" असे विचारू नये. "मुंबईत कोणत्या तारखेला, किती वाजता उतरणार?" असे विचारावे. तिकिटावर निघण्याची वेळ तिकडच्या घड्याळाची असते, उतरण्याची आपल्या. दोन्ही वेळांची थेट वजाबाकी केली, तर उत्तर साडेतेवीस तास येते, आणि घरात उगाच वाद होतो. उतरण्याची तेवढी वेळ कागदावर लिहावी, तीत दोन-अडीच तास मिळवावे, आणि मगच गुरुजींना व स्मशानात वेळ कळवावी. शीतपेटीही त्याच हिशेबाने, पहिल्या तासातच सांगून ठेवावी.