स्वयंअध्ययनातून सॉफ्टवेअर-व्यवसायाकडे

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



कला शाखेचा पदवीधर असलेला खेड्यातील होतकरू तरुण आज एक प्रश्न हमखास विचारतो : अभियांत्रिकीची पदवी नाही, शहरात राहून शिकण्याची ऐपत नाही, तरीही सॉफ्टवेअरच्या व्यवसायात प्रवेश मिळेल काय? ‘हमखास नोकरी’चे आश्वासन देणारे फलक तालुक्याच्या गावी दिसतात, हा आपला प्रांत नव्हे, असे बजावणारे वडीलधारेही भेटतात. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

अमेरिकेतील मार्गारेट हॅमिल्टन यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १९५८ साली त्यांनी गणिताची पदवी घेतली आणि १९५९ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत हवामानाच्या अभ्यासासाठी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम पत्करले. त्या काळी या विद्येचे रीतसर शिक्षण जवळजवळ नव्हतेच. काम करता करताच ती शिकावी लागे. पुढे चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांवरील सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या विभागाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना संगणकावर कामाचा अतिरिक्त भार पडून धोक्याच्या सूचना मिळू लागल्या. परंतु दुय्यम कामे बाजूला सारून महत्त्वाची कामे चालू ठेवण्याची व्यवस्था त्या प्रणालीत होती आणि यान सुखरूप उतरले.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. हॅमिल्टन यांच्या हाताशी यंत्र होते आणि सोबतीला जाणकार सहकारी होते. ग्रामीण तरुणाला बुद्धी कमी पडत नाही. त्याला उणीव भासते ती याच दोन गोष्टींची.

अभ्यासाची दिशा

अभ्याससामग्रीचा दुष्काळ आता उरलेला नाही. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेली पायथन ही संगणकभाषा विनामूल्य मिळते आणि नवशिक्याला सोपी जाते. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या २०१७ पासूनच्या उपक्रमात अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात. मुंबई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील अनेक पाठ मराठीतही ऐकता येतात.

परंतु पाठ ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे. एक भाषा निवडावी, लहान उदाहरणे स्वतः सोडवावीत आणि नंतर एखादे उपयोगी काम हाती घ्यावे. दूध संकलन केंद्राचा हिशेब किंवा ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव यांसाठी चालणारी आज्ञावली तयार करावी. पदवी नसलेल्या उमेदवाराचे खरे प्रमाणपत्र म्हणजे असे पूर्ण केलेले काम होय. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज आज्ञावली लिहूनही देतात. पण तिच्यातील चूक ओळखण्यासाठी मुळाक्षरे पक्कीच असावी लागतात.

ही वाट महिन्या-दोन महिन्यांची नव्हे. पहिली नोकरी मिळविणेच सर्वांत कठीण असते. अनेक कंपन्या आणि शासकीय पदे यांना पदवीची अट असते. म्हणून ज्याला शक्य असेल त्याने १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेतून पदवीचा अभ्यासही सोबत चालू ठेवावा.

गावाचे कर्तव्य

गावाला येथे पुष्कळ करता येईल. शाळेतील संगणक कक्ष सायंकाळी दोन तास उघडा ठेवता येईल. ग्रामपंचायतीला वाचनालयात एक संगणक आणि इंटरनेटची जोडणी देता येईल. शिक्षकांना चार-पाच मुलामुलींचे अभ्यासमंडळ स्थापन करता येईल. गावातून बाहेर जाऊन या व्यवसायात स्थिरावलेल्या एखाद्याला आठवड्यातून एकदा त्यांचे काम तपासण्याची विनंती करता येईल. घरकामात अडकलेल्या मुलींसाठी सोयीची वेळ राखून ठेवणे अगत्याचे आहे. कोणी भरमसाट शुल्क मागत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी पालकांना सावध करणे हेही पंचायतीचे कामच आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबी शिक्षण हे आपले ब्रीद मानले. पण कर्मवीरांनी मुलांना एकटे सोडले नाही. त्यांच्यासाठी वसतिगृहे उभारली. स्वावलंबन म्हणजे एकाकीपण नव्हे. शिकण्याचे कष्ट तरुणाने करावेत. बसायला जागा, हाताशी यंत्र आणि पाठीवर हात गावाने द्यावा.